पाच प्रश्नांत फुप्फुसं पास? आमच्या मावशीला विचारा

गाडी दारात उभी होती आणि मावशी ओसरीवरून हलायला तयार नव्हती. कराडला स्पायरोमेट्रीसाठी, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसं तपासायला, वेळ घेतली होती, त्यासाठी मी दुकान बंद ठेवून पाटणपलीकडे तिच्या गावी गेलो होतो. मला वाटलं, नेहमीसारखी "शेरडं कोण बघणार" ही सबब असेल. तर नाही. म्हणाली, "आता काय गरज न्हाय. धाकट्यानं मोबाइलवर परीक्षा घेतली माझी. पास झाले मी."

धाकटा म्हणजे तिचा मुलगा. त्याने मोठ्या अभिमानाने मेसेज दाखवला. तो मला त्याच आठवड्यात तीन ग्रुपवर आला होता आणि मी न वाचता पुढे सरकवला होता. ही माझी चूक. आता वाचला.

तर मेसेज असा: "फुप्फुसांची तपासणी घरबसल्या! यंत्रात फुंकायला हजार-बाराशे घालवू नका. फक्त 5 प्रश्न." बहुतेक दिवशी खोकला येतो का? बहुतेक दिवशी कफ पडतो का? तुमच्या वयाच्या माणसांपेक्षा लवकर दम लागतो का? वय 40 च्या वर आहे का? विडी-सिगारेट ओढता किंवा ओढत होता का? निकाल: तीनपेक्षा कमी 'हो' आले तर फुप्फुसं ठणठणीत. तीन किंवा जास्त आले तर सीओपीडी (श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार) पक्का, घरी नेब्युलायझर (औषधाचा फवारा नाकातोंडात सोडणारं यंत्र) सुरू करा. त्याखाली पुरवणी: न ओढणाऱ्यांना हा आजार होतच नाही. पंप (इन्हेलर) घेऊ नका, सवय लागते. 20 सेकंद श्वास रोखता आला की चिंता मिटली. आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनीही ही तपासणी करू नका असंच सांगितलं आहे. शेवटी जोडलेले हात आणि "किमान दहा जणांना पाठवा".

मी डॉक्टर नाही. 22 वर्षं औषधाच्या दुकानात बसतो. पंप विकतो, तो कसा ओढायचा हे दाखवतो, आणि संध्याकाळी खोकणाऱ्या माणसांची रांग बघतो. तेवढ्या अधिकाराने लिहितोय.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल की प्रश्न खरेच आहेत. हो, प्रश्न खरेच आहेत. 'गोल्ड' नावाची जागतिक तज्ज्ञांची संस्था आहे, सीओपीडीवर काय उपचार करायचे याची मार्गदर्शक तत्त्वं जगभरचे डॉक्टर तिच्याकडून घेतात. हे पाच प्रश्न तिनेच लोकांसाठी काढले होते. पण मूळ कागदावर शेवटची ओळ अशा अर्थाची आहे: तीन किंवा अधिक उत्तरं 'हो' असतील तर डॉक्टरांना विचारा, श्वासाची साधी तपासणी करून घ्यायची का ते. म्हणजे ज्या कागदाचं काम माणसाला यंत्रापर्यंत न्यायचं, त्याचं शेपूट छाटून कुणीतरी तोच कागद माणसाला यंत्रापासून लांब ठेवायला वापरला. आणि तीनपेक्षा कमी आले तर ठणठणीत, हे तर मूळ कागदात नाहीच. ती भर आपल्याकडची.

आता मावशीच्या परीक्षेकडे येऊ. पाचपैकी एकच 'हो', तोही वयाचा. मी तिथेच बसून तेच पाच प्रश्न परत विचारले, जरा वेगळ्या तोंडाने.

खोकला येतो का? "न्हाय." मग सकाळी उठल्यावर मोरीत काय करतेस? "त्यो खोकला व्हय? घसा साफ करते मी. चाळीस वर्सं करते." कफ पडतो का? "थोडा पडतो, मोकळं वाटतंय मग." दम लागतो का? "न्हाय." बरं, पाणी कोण आणतं? "सून आणते." तू का नाही आणत? "हंडा जड होतो." शेतावर? "सकाळी लवकर निघायचं न् हळू जायचं. मधी आंब्याखाली बसायचं. मग कशाला दम लागतोय?"

हे ऐकून हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. दम लागू नये म्हणून तिने सगळं आयुष्य आखडून घेतलं आहे. हंडा सोडला, मग कळशी सोडली. चढाची वाट सोडून लांबची सपाट वाट धरली. दोन वर्षांपासून जत्रेला डोंगरावर जात नाही, "गर्दी फार असते". प्रश्न विचारणारा विचारतो दम लागतो का, आणि ती प्रामाणिकपणे म्हणते नाही. खरंच नाही लागत, कारण दम लागेल असं ती काही करतच नाही. चांगल्या प्रश्नावल्यांत याच्यासाठी वेगळा प्रश्न असतो: श्वासामुळे पूर्वीपेक्षा कमी कामं करता का? मेसेजमध्ये तो नव्हता.

शिवाय भाषेचा घोळ आहेच. आमच्याकडे 'दम लागणं' म्हणजे थकणं, 'धाप लागणं' म्हणजे त्याच्यापुढचं, आणि 'दमा' हा शब्द तर घरात उच्चारायचाच नाही. घरात लग्नाची पोरगी असेल तर दुकानात येऊन लोक "ते श्वासाचं औषध" म्हणतात, दमा म्हणत नाहीत. इंग्रजी प्रश्न मराठी केला आणि झालं, असं नसतं. मावशीला 'दम' कळला, तिने थकव्याचं उत्तर दिलं. आणि थकते म्हणायचं तर सत्तरीला आलेल्या बाईला लाज वाटते.

बरं, माझी मावशी एकटीच प्रश्नावलीला चकवते म्हणावं, तर तसंही नाही. अमेरिकेत 'कॅप्चर' नावाची प्रश्नावली काढली गेली. तीही पाचच प्रश्नांची, पण मेसेजमधल्यापेक्षा बरीच विचार करून केलेली. तुम्ही धूर, धूळ, खराब हवेत राहिलात किंवा काम केलंत का, हवामान बदललं की श्वास बदलतो का, तुमच्या वयाच्या माणसांपेक्षा लवकर थकता का, असे प्रश्न. आणि मधल्या गुणांच्या माणसाला एका छोट्या नळीत जोरात फुंकायला लावून वेग मोजायचा, म्हणजे नुसत्या तोंडी उत्तरांवर सोडायचं नाही. ही पद्धत नेहमीच्या दवाखान्यांत येणाऱ्या 45 ते 80 वयाच्या 4325 लोकांवर तपासली, ज्यांना सीओपीडी असल्याचं आधी कुणी सांगितलेलं नव्हतं. 2023 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. सगळ्यांची स्पायरोमेट्रीही केली होती, त्यामुळे खरं-खोटं ताडून बघता आलं. 110 जणांना लक्ष द्यावं असा सीओपीडी निघाला. त्यातले प्रश्नावलीने किती पकडले? 53.

परत वाचा. 110 पैकी 53. निम्म्याहून जास्त आजारी माणसं 'पास' झाली. तीही फुंकणीची नळी हाताशी असताना. आणि आपला व्हॉट्सॲप विद्यापीठाचा कुलगुरू नळीशिवाय, धुराचा प्रश्न गाळून, मोबाइलवर निकाल देतो: ठणठणीत.

उलट बाजूही बघा. त्याच अभ्यासात आजार नसलेल्यांपैकी सुमारे 11 टक्के लोक प्रश्नावलीत 'नापास' झाले, म्हणजे पावणेपाचशेच्या वर माणसं. ज्यांना ज्यांना प्रश्नावलीने बोट दाखवलं, त्यातल्या दहातल्या एकालाच तो आजार त्या प्रमाणात होता. तेव्हा "तीन हो आले की आजार पक्का" हेही गेलं. खोकला, कफ आणि धाप तर दम्यातही असते, हृदय कमकुवत झालं तरी असते, आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असा टीबी आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी, सरकारी दवाखान्यात फुकट होते. टीबीचा माणूस घरी नेब्युलायझर लावून बसला तर घरातल्या लेकराबाळांचं काय, हा विचार मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेला दिसत नाही.

प्रश्नावली टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. ती चाळण आहे. नेपाळमधलं भक्तपूर, पेरूतलं लिमा आणि युगांडातलं नाकासेके इथल्या 10,709 लोकांवर अशा तीन प्रश्नावल्या तपासल्या, 2022 साली तेही जामातच आलं. एकट्या भक्तपुरात शेकडा 18 लोकांना सीओपीडी निघाला. आणि तिन्ही ठिकाणी मिळून ज्यांना सापडला, त्यातल्या 95 टक्के लोकांना तो आहे हेच आधी माहीत नव्हतं. जिथे गावात यंत्र नाही तिथे कुणाला तालुक्याला पाठवायचं हे ठरवायला चाळण बरी कामाला येते. चाळून घ्यायचं ते दळण पुढे न्यायला. चाळणीलाच कुणी जातं म्हणू नये.

आता सगळ्यात संतापजनक मुद्दा: "न ओढणाऱ्यांना होत नाही."

हे वाक्य लिहिणारा माणूस कधी चुलीपुढे बसलेला नाही. पहाटे ओल्या काटक्या, वर गोवरीचा तुकडा, डोळ्यांतून पाणी, फुंकणीने फुंकायचं आणि फुंकणी काढली की आत घ्यायचा तो धूरच. मावशीने हे लग्नाच्या आधीपासून केलंय. शिवाय मिश्री. तंबाखू तव्यावर भाजताना जो ठसका उठतो त्याने शेजारचं घर खोकतं, पण विडी ओढतेस का विचारलं तर उत्तर 'नाही', आणि ते खरंच आहे.

तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 सालीच 'लॅन्सेट'मध्ये न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला होता. लाकूड, शेण, पालापाचोळा जाळून स्वयंपाक करणारी कोट्यवधी घरं हा त्यातला मोठा मुद्दा. नंतर 2018 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये भारताचा हिशोब आला. 2016 साली देशात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. आणि या आजाराने जो त्रास आणि जे अकाली मृत्यू होतात, त्यातला 53.7 टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाच्या खात्यावर होता, घरातला धूर त्यातच आला. तंबाखूचा वाटा 25.4 टक्के, कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा 16.5. म्हणजे आपल्याकडे खराब हवा तंबाखूच्या दुप्पट, आणि कित्येक परदेशी प्रश्नावल्यांत गुण मिळतात सिगारेटला. एका प्रसिद्ध प्रश्नावलीत जन्मात 100 सिगारेटी ओढल्या असतील तर दहातले दोन गुण मिळतात. चूल किती वर्षं फुंकली याला शून्य.

उज्ज्वला आल्यापासून घरात सिलिंडर आहे, हे खरं. मावशीकडेही आहे, वर विणलेलं कव्हर घालून. त्यावर चहा होतो आणि पाहुणे आले की पोहे. अंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून चुलीवर. प्रश्न विचारणाऱ्याने "गॅस आहे का" विचारलं तर उत्तर 'हो'. आणि चूल आज बंद केली म्हणून कालचा धूर फुप्फुसातून निघून जात नाही.

बाकीचे मुद्दे उभ्याउभ्या.

"पंप नको, सवय लागते, नेब्युलायझर घ्या." हा विनोद माझ्या धंद्यातला माणूसच समजू शकेल. दोन्हीत बहुतेक वेळा औषध एकच, साल्ब्युटामॉल. पंपाच्या एका दाबाला 100 मायक्रोग्रॅम. नेब्युलायझरच्या नेहमीच्या एका डोसात अडीच मिलिग्रॅम, म्हणजे 25 दाबांइतकं. सवयीच्या भीतीने पंप टाळून त्याच औषधाचा पंचवीसपट डोस घरी स्वतःच्या मनाने घ्यायचा! चार मिलिग्रॅमची गोळी घेतलीत तर 40 दाब झाले, आणि तेही पोटातून सगळ्या अंगभर. लोक गोळीला साधी समजतात आणि पंपाला शेवटचा उपाय. पंप सुटत नाही असं वाटतं कारण आजार सुटत नाही. चष्म्याची सवय लागते असं कुणी म्हणत नाही.

पंपाबाबत एक तक्रार मात्र लोकांची खरी आहे: तो कसा घ्यायचा हे कुणी धड शिकवत नाही. फिरवायच्या यंत्रात घालून ज्यांची पूड श्वासाने आत ओढायची, त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे गिऱ्हाईक मी स्वतः पाहिले आहेत, एकाने तर तीन महिने गिळल्या. म्हणायचा, "काही फरक नाही." कसा असेल?

"20 सेकंद श्वास रोखा." कोरोनातही हेच फिरत होतं, तेव्हा दहा सेकंद होते. श्वास रोखणं आणि नळ्यांतून हवा किती वेगाने बाहेर पडते हे मोजणं, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सीओपीडीत अडतं ते बाहेर सोडताना. पुढे.

अमेरिकेचा मुद्दा. इथे मला नाइलाजाने अर्धं मान्य करावं लागतं. तिथल्या प्रतिबंधक सेवांच्या कार्यदलाने 2022 साली खरंच सांगितलं आहे की ज्यांना काही त्रास नाही अशा प्रौढांची सीओपीडीसाठी सरसकट चाळणी करू नका, प्रश्नावलीनेही नको आणि स्पायरोमेट्रीनेही नको. कारण लक्षणं नसलेल्या माणसात आजार आधी सापडला म्हणून त्याचं पुढचं भलं होतं, असा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे प्रत्येक सुदृढ माणसाला "फुल बॉडी पॅकेज"मध्ये हे यंत्र फुंकायला लावणाऱ्यांवर मेसेजवाल्याचा राग असेल, तर माझाही आहे.

पण दोन गोष्टी गाळल्या. एक, ते वाक्य त्रास नसलेल्यांसाठी आहे. खोकणाऱ्या, धापणाऱ्या माणसाला ते लागूच नाही. दोन, त्याच सल्ल्यात प्रश्नावलीलाही नकार आहे! ज्या अमेरिकेचा हवाला देऊन यंत्र नको म्हणता, त्याच अमेरिकेने तुमचे पाच प्रश्नही नको म्हटलेत. आणि मावशीला त्रास नाही असं म्हणायचं असेल तर आधी तिच्या डोक्यावर हंडा द्या.

मावशीला न्यायला आणखी आठ दिवस लागले. मी आकडेवारी सांगितली, तिने ऐकून घेतली आणि शेंगा सोलत राहिली. शेवटी सुनेने सांगितलं, "आत्या, रात्री दोन उशा घेऊन बसून झोपता तुम्ही, मला काय दिसत नाही का?" तेव्हा उठली.

तपासणी अशी असते. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळा बाहेर फेकायचा, निदान सहा सेकंद. शेजारी उभी असलेली मुलगी ओरडत होती, "फुंका फुंका फुंका, अजून अजून अजून, सोडू नका!" पहिल्या वेळी मावशीला हसू आलं, दुसऱ्या वेळी खोकला. तिसऱ्या वेळी तिने नळी काढून माझ्याकडे बघितलं. "फुंकणीच की रं ही." आणि चौथ्यांदा तिने अशी फुंकली की मुलगी म्हणाली, "हां, आता जमलं." मग पंपाचं औषध दिलं, पंधरा मिनिटं बाकावर बसवलं, परत फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, याचं गुणोत्तर काढतात. औषधानंतरही ते 0.70 च्या खाली राहिलं तर नळ्या अरुंद झाल्यात. मावशीचं 0.58 आलं. वयाचा 'हो' सोडून चारही प्रश्नांना 'नाही' म्हटलेल्या बाईचं.

डॉक्टरांनी क्षयाची शंका नको म्हणून एक्स-रे काढला, तो बरा निघाला. पंप दिला, त्याला जोडायची पोकळ नळी म्हणजे स्पेसर दिला, फ्लूची लस घ्यायला सांगितली, आणि चुलीबद्दल विचारलं. मावशी म्हणाली, "बंद करते." मी तिच्याकडे बघितलं. "पाण्यापुरती ठेवते," म्हणाली.

कुणाला न्यायचं असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीविकार विभागात यंत्र असतं, पण ते चालू आहे का हे आधी फोन करून विचारा, नाहीतर खेप फुकट जाते. आधीपासून पंप चालू असेल तर तपासणीच्या सकाळी घ्यायचा की नाही हेही विचारून घ्या. अलीकडे हार्ट अटॅक आला असेल, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल तर फुंकण्याआधीच सांगा.

धाकट्याला मी सांगितलं की तो मेसेज ज्या दहा जणांना पाठवलास, त्यांना आता हे पाठव. त्याने यादी काढली. दहा नव्हते, चौतीस होते. त्यात त्याचा सासरा होता, विटभट्टीवर वीस वर्षं काम केलेला. तोही पास झाला होता.